प्रवाह आधी गरम-खारट झाला, मग गार-गोडा झाला, तर समुद्र तापतोय की नाही?

तुम्ही विचारलंय की ग्रीनलंड-आइसलंडकडच्या प्रवाहाचा आलेख १९९६ नंतर दहाएक वर्षं गरम आणि खारट होत जातो आणि पुढे परत गार आणि कमी खारट होतो, मग समुद्र तापतोय हे खरं मानायचं का, आणि पुण्यात बसून आपल्याला त्याचं काय. मी इथे ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आंघोळीची बादली डोळ्यासमोर आणा. एक नळ गीझरचा, एक गार पाण्याचा. एक दिवस बादली रोजच्यापेक्षा गरम लागली तर एकतर गरम नळ जास्त सुटलाय नाहीतर गीझरच जास्त तापलाय, नुसता हात घालून काही कळत नाही. पण समजा गीझरचं पाणी खारट असतं तर? चव घेतली की संपलं. खारटपणाही वाढलाय म्हणजे नळ जास्त सुटलाय, खारटपणा तेवढाच आणि तरी गरम, म्हणजे गीझर तापलाय. म्हणूनच ग्रीनलंडकडच्या समुद्राचा अभ्यास करणारे लोक तापमानासोबत मीठ मोजतात, नुसतं तापमान बघून या समुद्राबद्दल बोलणं मला तरी पटत नाही.

तिथे खरंच दोन नळ आहेत. एक अटलांटिकचं दक्षिणेकडून आलेलं गरम पाणी, त्याची एक शाखा आइसलंडच्या दक्षिणेकडून ग्रीनलंडकडे वळते, तिला इर्मिंगर प्रवाह म्हणतात. हे पाणी किलोमागे साधारण ३५ ग्रॅम मिठाचं. दुसरं आर्क्टिकमधून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून येणारं, बर्फाळ, बरंच कमी खारट. दोघं शेजारी शेजारी वाहत दक्षिण टोकाला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जातात, गार-गोडं वरती आणि गरम-खारट त्याच्या खाली. कुणाचा वाटा जास्त हे बरंचसं वाऱ्यावर ठरतं. १९९५-९६ च्या हिवाळ्यात तिथल्या वाऱ्यांचा नूर अचानक बदलला, दक्षिणेकडचं पाणी आत घुसलं आणि तुमचा आलेख वर गेला. २०१२ ते २०१६ मध्ये उलटं झालं, वाऱ्यांमुळे गोड्या पाण्याची वाट बदलून ते उत्तर अटलांटिकच्या पूर्वेच्या भागात पसरलं, आणि तिथला खारटपणा इतका घसरला की १२० वर्षांच्या नोंदींत तेवढी घसरण नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी आर्क्टिकमधून गोड्या पाण्याचा प्रचंड लोंढा आला, तो ग्रीनलंड, लॅब्राडोर (कॅनडाचा ईशान्य किनारा) करत अख्ख्या उत्तर अटलांटिकला चक्कर मारून परत उत्तरेकडे यायला साधारण १४ वर्षं लागली. त्याच सुमारास पश्चिम ग्रीनलंडची कॉड मासेमारी, जी वर्षाला चार लाख टनांच्या वर गेली होती, ती बसली. त्यात बेसुमार मासेमारीचाही हात होता, पण पाणी गार झालं हे मोठं कारण.

एवढंसं मीठ कमी झाल्याने काय होतं ते घरी बघता येतं, मी दरवर्षी वर्गात करतो. खायचा रंग घालून बर्फाचे खडे करायचे, एक साध्या पाण्याच्या ग्लासात आणि एक चांगल्या खारट पाण्याच्या ग्लासात सोडायचा. साध्या पाण्यात रंगाच्या दोऱ्या सरसर तळाला जातात. खारट ग्लासात वितळलेलं पाणी वरच थांबतं, रंगाची झाकणासारखी साय धरते, आणि बर्फही हळू वितळतो. मुलं दुसऱ्या ग्लासाकडेच बघत बसतात. लॅब्राडोर समुद्रात हेच झालं होतं, एरवी हिवाळ्यात वरचं पाणी गार, जड होऊन दीड-दोन हजार मीटर खाली बुडतं, ते १९६९ ते १९७१ जवळजवळ बंद पडलं, वर गोड्या पाण्याचं झाकण होतं म्हणून.

बर्फाचंही तसंच. पश्चिम ग्रीनलंडची याकोबशाव्न हिमनदी १९९७ च्या सुमारास ते गरम पाणी खाडीत पोचल्यावर झपाट्याने मागे हटली, आणि २०१६ नंतर तेच पाणी गार झालं तेव्हा काही वर्षं चक्क जाड होत गेली.

तर तापतोय का? जगाचा समुद्र तापतोय, त्यात शंका नाही. पण ग्रीनलंडच्या दक्षिणेचा एक तुकडा शतकभरात उलट थोडा गारच झालाय, कारणांवर अजून वाद आहेत, अटलांटिकच्या प्रवाहांचं चक्र मंदावतंय हा त्यातला एक मोठा दावा. शिवाय गीझरचं पाणीही बदलतंय, दक्षिणेकडचं अटलांटिक जास्त खारट होत चाललंय आणि उत्तरेकडे गोडं पाणी वाढतंय, म्हणजे माझी बादली इथे अपुरी पडते. दहा-पंधरा वर्षांच्या चढावर किंवा उतारावर बोट ठेवून कुणी काही सिद्ध करत असेल तर ऐकू नका, त्या प्रवाहाची एक फेरीच तेवढ्या वर्षांची आहे.

आणि पुण्याचं म्हणाल तर, बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलं की १९०० ते २०१५ मधल्या भारतातल्या २३ दुष्काळांपैकी १० एल निनोशिवाय (म्हणजे प्रशांत महासागर तापलेला नसताना) पडले, आणि त्या वर्षांत ऑगस्टच्या शेवटी पाऊस अचानक दगा देतो त्याचा संबंध उत्तर अटलांटिकच्या मधल्या अक्षांशांतल्या गार पाण्याशी लागतो, तिथून हवेत वरच्या वर लाटा आपल्यापर्यंत येतात. जागा अगदी तीच नाही, पण समुद्र तोच. गणपतीच्या आसपास खडकवासल्याची पातळी बघत बसणाऱ्या शहराला हे लांबचं वाटायचं कारण नाही.