काकूंना विचारा: नौतपा, कूलर आणि घरातली मुलं

प्रश्न : काकू, माझं बाळ साडेचार महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. सासूबाई म्हणतात एवढ्या लूमध्ये, या गरम वाऱ्यात, बाळाचा घसा सुकतो, उकळून गार केलेलं पाणी चमच्याने पाज. यावरून रोज वाजतंय घरात. काय करू? (जीवाजीगंज)

पाणी नको गं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत थेंबभर पण नको, मग बाहेर ४५ असो नाहीतर ४६. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. त्या एवढ्याशा पोटात वरचं पाणी गेलं की दूध कमी जातं, आणि चमचा-वाटीतून जुलाब लागायची भीती ती वेगळीच. फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळा घे त्याला, मागेल तेव्हा, आणि प्रत्येक वेळी स्वतः एक पेला पाणी पिऊन बस, बाळंतिणी स्वतःचंच विसरतात. पुरतंय की नाही हे घशावरून नाही कळत, शूवरून कळतं. दिवसभरात सहा-सात लंगोट चांगले ओले होतायत म्हणजे झकास चाललंय. शू गडद पिवळी आणि कमी, टाळू आत गेलेली, तोंड कोरडं, रडताना डोळ्यात पाणी नाही, बाळ मलूल, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सासूबाईंशी वाद घालू नकोस, लंगोट मोजायचं काम त्यांच्याकडे दे, त्यांचा जीव त्याच्यातच अडकलाय ना.

प्रश्न : नातू सात वर्षांचा. नौतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर जाताना मी त्याच्या खिशात कांदा ठेवतो, आता तो म्हणतो मित्र हसतात, नको. कांद्याने लू लागत नाही हे खरं ना? (एक आजोबा, शिंदे की छावणी)

आजोबा, खिशातला कांदा काही करत नाही हो, ताटातला खाऊ दे त्याला कोशिंबिरीत. आपल्या ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, सदरा ओला होतच नाही आणि पोरगं म्हणतं मला तर घामच नाही आला, पण अंगातलं पाणी आणि मीठ चाललेलंच असतं. ते संपत आलं की अंग थंड ठेवायला घामच उरत नाही. म्हणून तहान लागायची वाट न बघता निघायच्या आधीच पाणी, ताक, नाहीतर कैरीचं पन्हं, पन्ह्यात मीठ-जिरं हवं आणि साखर बेताची. बारा ते चार बाहेर खेळणं बंद, डोक्याला सुती गमछा. दुपारी शू झालीच नाही असं कळलं तर समजा पाणी कमी पडलंय.

मूल बरळायला लागलं, ओळखेना, झटके आले, अंग भट्टीसारखं तापलंय, तर क्रोसिन देत बसू नका, लूचा ताप त्याने उतरत नाही. सावलीत आणा, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग भिजवत राहा, पंखा लावा, १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतायचं नाही. दवाखान्यात नेतानाही भिजवणं थांबवू नका.

प्रश्न : लोखंडी कूलर लावलाय, मुलगी दीड वर्षाची म्हणून खोली पूर्ण बंद ठेवतो तरी चिकचिक होते. हात लागला की कधी कधी झिणझिण्या येतात. (थाटीपूर)

झिणझिण्या? मग चिकचिकीचं नंतर बघू, आधी प्लग काढ! ते गमतीचं नाहीये बाई. ओली फरशी, लोखंडाची बॉडी आणि रांगणारं-धावणारं मूल, दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे, तीन पिनांचाच प्लग, आणि घरात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घे. पाणी भरताना स्विच नाही, प्लगच काढायचा. जमलं तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेव, म्हणजे मुलीचा हात पोचणारच नाही आणि बाहेरची कोरडी हवा पण मिळेल.

आता चिकचिक. कूलरची हवा आत येते तेवढी बाहेर जायला पाहिजे, खोली बंद केलीस की दमटपणा आतच कोंडतो, समोरची खिडकी किंवा दार अर्धं उघडं ठेव. पाऊस सुरू झाला की हवाच दमट असते, तेव्हा नुसता पंखा बरा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून भिंती घासायच्या, डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

प्रश्न : ओआरएस म्हणून मेडिकलवर रंगीत टेट्रापॅक मिळायचे, मुलं आवडीने प्यायची. ते चालतील का? (दौलतगंज)

नाही. त्यात साखर भरपूर आणि मीठ कमी, जुलाब झालेल्या मुलाला उलट त्रास. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, असल्या पेयांना नावात ओआरएस लिहायला बंदीच घातली. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी घ्या, आणि एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, कपात चिमूटभर टाकून नाही. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. पुडी नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तोच छोटा चमचा सपाट अर्धा मीठ. चव बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओता आणि नव्याने करा.