सरकारी पैशातून घेतलेली अंडी आणि कोंबड्यांची ठेवण: तीन प्रश्नांची उत्तरे

अमृत आहार या राज्याच्या पोषण योजनेमुळे आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांना अंडी लागतात आणि ती गावातूनच मिळाली तर सर्वांच्याच सोयीची. त्यासंबंधी आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न (महिला बचत गट, मोखाडा तालुका): आमच्या दीडशे कोंबड्या आहेत, काही गावठी, काही ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात). दिवसा मोकळ्या सोडतो, रात्री खुराड्यात. पिंजरा नाही म्हटल्यावर आमची अंडी सरकारी खरेदीला जास्त योग्य ठरतात का? भाव वाढवून मागता येईल का?

उत्तर: भावाचे आधी सांगतो. योजनेत अंड्याचा दर ठरलेला असतो, मोकळ्या कोंबडीचे म्हणून त्यावर वेगळे पैसे मिळत नाहीत. माझ्या मते मिळायला हवेत. ब्रिटनमध्ये सरकारी खानावळींच्या खरेदी-निकषांत जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यातली अंडी चालत नाहीत. आपल्याकडच्या मागणीपत्रात अंड्याचे वजन आणि ताजेपणा विचारतात, कोंबडीचे कोणी विचारत नाही. हा रकाना उद्या आला तर सर्वात आधी तुमचाच गट त्यात बसेल, म्हणून तयारी आजपासून ठेवा.

मात्र 'पिंजरा नाही' एवढ्यावर भागत नाही. रात्रीचे खुराडे मी बऱ्याच ठिकाणी पाहतो: पत्र्याचे, ठेंगणे, एकावर एक कोंबलेल्या कोंबड्या, आणि दार उघडले की डोळ्यांत पाणी आणणारा वास. तो अमोनिया. तुमचे डोळे चुरचुरतात तिथे कोंबडी रात्रभर बसलेली असते. पत्र्याखाली हातभर जाळीची खिडकी ठेवा. खाली भाताचे तूस चार ते सहा इंच पसरा, ते चार दिवसांनी हलवा, भिजलेले काढून टाका. पावसाळ्यात कोंबड्या दिवसभर आत राहत असतील तर प्रत्येकीला किमान दोन चौरस फूट जागा हवी. बसायला बांबू आडवे बांधा, एका कोंबडीला वीतभर जागा धरा. दर पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली एक पेटी किंवा टोपली ठेवा. कोंबडी अंडे घालायला आडोसा शोधते. तो नसेल तर ती विष्ठेतच अंडे घालते आणि मळके अंडे सेविकाताई परत करतात.

उन्हाळ्यात पाण्याकडे सर्वात जास्त लक्ष द्या. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवच बनायला लागणारा माल कमी पडतो. एप्रिल-मेमध्ये ट्रेमधली अंडी तडकतात त्यामागे वाहतुकीइतकाच हाही दोष असतो. मडक्यातले गार पाणी सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, शिंपल्यांची चुरी वेगळ्या भांड्यात ठेवा.

प्रश्न (लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्मधारक): माझे पिंजरे 15 × 18 इंचांचे आहेत, एकात चार पक्षी. नवीन नियमात बसतात का?

उत्तर: नाही बसत. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार अंड्यावरच्या प्रत्येक कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा हवी. तुमचा पिंजरा 270 चौरस इंच, म्हणजे साधारण 1,740 चौरस सेंटिमीटर. चार पक्ष्यांत वाटला की एकीला 435 येतात. तीन पक्षी ठेवले तर 580, म्हणजे जागेपुरते तरी भागते. चालू फार्मना 1 जानेवारी 2029 पर्यंत मुदत आहे, नवीन शेडला ही सवलत नाही. आज शेड बांधणार असाल तर जुन्या मापाचे पिंजरे स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका.

खरे सांगायचे तर 550 हा आकडाही फार मोठा नाही. कार्यालयातला ए-फोर कागद याहून मोठा, 623 चौरस सेंटिमीटरचा असतो. युरोपीय संघाने साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. तिथे पिंजरा ठेवायचाच तर एका कोंबडीला 750 चौरस सेंटिमीटर, शिवाय बसायला दांडा आणि अंडे घालायला आडोसा द्यावा लागतो. त्यामुळे खर्च करणारच असाल तर गादी पद्धतीच्या (पिंजऱ्याऐवजी तुसाच्या थरावर मोकळ्या कोंबड्या ठेवायच्या) शेडचा हिशेबही एकदा मांडून पाहा.

आणखी एक. उत्पादन घसरले की खाद्य-पाणी तोडून पिसे झाडवायची पद्धत काही फार्मवर अजून चालते. भारतीय पशु कल्याण मंडळाने ती 2011 मध्येच थांबवायला सांगितले आहे. सरकारी पुरवठा करणाऱ्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये.

प्रश्न (शेतकरी महिला): कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसली, की सासूबाई तिच्या नाकात पीस घालतात किंवा पाण्यात बुडवतात. अंगणवाडीची अंडी कमी पडतात म्हणून करावे लागते. दुसरा उपाय आहे का?

उत्तर: आहे. नाकात घातलेल्या पिसाने जखम होते, कोंबडी खाणे सोडते आणि अंडी आणखी लांबतात. खुडूक कोंबडीला तीन-चार दिवस बांबूच्या पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून वर टांगलेल्या खुराड्यात ठेवा. पेंढा नको, पण उजेड, पाणी आणि खाद्य भरपूर हवे. पोटाखालून वारा लागला की बैठक मोडते. सासूबाईंना एकाच कोंबडीवर करून दाखवा. आणि अंडी रोज दोनदा गोळा करा, घरट्यात साठलेली अंडी पाहूनही कोंबडी खुडूक बसते.

बाजारात म्हाताऱ्या कोंबड्या विकायला नेताना पाय बांधून सायकलला उलट्या लटकवू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये तो गुन्हा आहे. हवेशीर डालग्यात, सकाळच्या गारव्यात न्या.