हृदयाची लय बिघडून बीपी पडलंय? आधी विजेचा शॉक, मग औषध
मेळघाटातल्या धारणीहून अमरावती घाटातून गाठायची आहे, बाप्पा. रेफरच्या भरवशावर राहू नकोस. नाडी लागतेय पण १८०नं पळतेय, बीपी ७०, पेशंट घामानं निथळलाय, बरळतोय. अशात अमिओडॅरोनचं (हृदयाची लय सावरणारं औषध) अँप्युल शोधत बसायचं नाही. शुद्ध असेल तर जरासं मिडाझोलम (गुंगीचं औषध), मग शॉक ठोक्याशी जुळवणारं सिंक बटण दाब, १०० जूलचा शॉक. बहुतेक मशीनवर पुढच्या शॉकआधी सिंक पुन्हा दाबावं लागतं. घाईत नेमकं हेच सुटतं. अमिओडॅरोन १५० मिग्रॅ त्यानंतर, डेक्स्ट्रोजच्या सलाइनमध्ये, १० मिनिटांत. भसकन ढकललंस तर उरलंसुरलं बीपीही जाईल. ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लाट) रुंद दिसला तर व्हेरापामिलला (ठोके मंदावणारं औषध) हातही लावायचा नाही. नाडीच नसेल तर हिशेब वेगळा: सीपीआर (छाती दाबणं, श्वास देणं), सिंकशिवाय शॉक, आणि तिसऱ्या शॉकनंतर अमिओडॅरोन ३०० मिग्रॅ एकदम.