खोल समुद्रातल्या अँगलरफिश माशाच्या मादीच्या पोटाला चिकटलेला छोटा मासा तिचं पिल्लू असतो का?

नाही, तो तिचा नर! इथे नागपुरात माझ्या शिकवणीतली पोरंही चित्र पाहून पिल्लूच म्हणतात. १९२२ मध्ये आइसलँडच्या सेमुंडसन या अभ्यासकालाही तसंच वाटलं होतं. ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ टेट रीगन यांनी १९२५ मध्ये तो नर असल्याचा उलगडा केला. त्यांनी पाहिलेली अँगलरफिशची जात म्हणजे सेराटियास होलबोएली. मादी मीटरभर लांब होते, नर अगदीच चिमुकला. खोल अंधारात जोडीदार परत भेटेल याचा भरवसा नाही, म्हणून तो तिला चावून धरतो, ते कायमचं. कातडी जुळते, रक्तवाहिन्या एक होतात, तिच्याच रक्तावर तो जगतो. आपल्याला दुसऱ्याची किडनी बसवली तर जन्मभर औषधं घ्यावी लागतात, मग इथे शरीर विरोध कसा करत नाही? २०२० च्या संशोधनात दिसलं की अशा काही जातींमध्ये प्रतिकारशक्तीची महत्त्वाची जनुकंच नाहीशी झाली आहेत.