सही सगळ्यात शेवटी बघा

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जुन्या बाजारात 120 युरोंना घेतलेलं बागेतल्या आई-मुलाचं तैलचित्र खरंच इंप्रेशनिस्टांच्या (1870 च्या सुमाराला ऊन-प्रकाश रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकारांच्या) काळातलं आहे का, सही त्यांच्यातल्या ‘रेन्वार’ची वाटते, किंमत किती येईल, असं तुम्ही विचारलंय. पाचही फोटो मोठे करून बघितले.

आधी पाठ. चौकटीवर 15 चा शिक्का आहे, माप 65 × 54 सेंमी. फ्रान्समध्ये तयार कॅनव्हास ठरलेल्या मापांत मिळत. 15 नंबरचा ‘फिगर’ (व्यक्तिचित्रासाठीचा आकार) म्हणजे हेच. कडेला गंजके बारीक खिळे आहेत, स्टेपलरच्या पिना नाहीत. लक्षण चांगलं; पण त्यावरून माल फ्रेंच आणि बऱ्यापैकी जुना, एवढंच कळतं.

आता पुढची बाजू. त्यासाठी दोन चित्रं शेजारी उघडून बसा. 1874 च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळ आर्झांतॉयला इंप्रेशनिस्ट चित्रकार मोनेच्या बागेत त्याचा चित्रकार मित्र माने चित्र काढत होता. मोनेची बायको कामीय गवतावर बसलेली, लहानगा झाँ तिला रेलून. तेवढ्यात रेन्वार आला आणि तोही तेच काढायला बसला. मानेचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रेन्वारचं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. मानेने लांबून बघितलंय: डावीकडे मोने झाडांशी खुडबुड करतोय आणि पुढ्यात कोंबडा, कोंबडी, पिल्लू. एका कुटुंबासमोर दुसरं कुटुंब मांडून त्याने गंमत केलीय. रेन्वार मात्र थेट मायलेकांना भिडतो. दोन्हींत कामीयचा पांढरा झगा नीट बघा. त्यात निव्वळ पांढरा फार थोडा. सावली पडते तिथे निळसर, कुठे गवताचा हिरवा चढलेला. ऊन माणसांवर आणि गवतावर सारखंच पडलंय, म्हणून हातही दोन्हीकडे सारखाच मोकळा चाललाय.

तुमच्या चित्रात तसं नाही. आईचा चेहरा घोटून घोटून गुळगुळीत केलाय आणि भोवतीची पानं मात्र ठिपक्याठिपक्यांनी ‘इंप्रेशनिस्ट’ केलीत. फ्रॉकची सावली पांढऱ्यात काळा कालवून केलेली. नुसता काळा दिसला म्हणून बाद करू नका हं, माने तर काळ्याचा शौकीन! पण इथे राखाडीपलीकडे काही घडतच नाही. माझ्या मते हे नंतरच्या काळातल्या, शिकलेल्या हाताच्या हौशी चित्रकाराचं काम आहे. वाईट अजिबात नाही.

आणि सही? चौथ्या फोटोत पहिल्या अक्षरापाशी बघा, सहीचा रंग तड्यात उतरलाय. म्हणजे चित्राला तडे गेल्यावर कोणीतरी ती ठोकलीय. तेव्हा किंमत सजावटीच्या जुन्या चित्राची धरा. तुम्ही दिलेत ते ठीकच दिलेत.

चित्र पुसून साफ करायच्या भानगडीत मात्र पडू नका. मी एकदा कुठेतरी वाचून कच्च्या बटाट्याची फोड फिरवली होती. व्हार्निशबरोबर वरचा पातळ रंगही गेला. त्यापेक्षा अंधारात अतिनील टॉर्च मारा. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळपट दिसते.

एक राहिलं. मुलाच्या टोपीखाली निळा फटकारा आहे, आख्ख्या चित्रात तेवढाच जिवंत. बाजूने तिरका उजेड टाकून त्याचा जवळून फोटो टाका. तो ओल्या रंगात ओढलाय की वाळल्यावर, ते बघायचंय.