रिटायर झाले, पण घरी आलेच नाहीत

"मॅडम, हे रिटायर झाले पण घरी आलेच नाहीत." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता समोरची बाई खुर्चीत बसायच्या आधीच ओळखते. पणजी, फोंडा, म्हापसा, कुठूनही येतात. नवरा मोठ्या पोस्टवरून निवृत्त झालेला, पैशाची ददात नाही, व्यसन नाही, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत समाजकार्य. तक्रार करायची तरी कोणाकडे, सगळे म्हणतात नशीबवान आहेस गं. आणि त्याच घरातले हे साहेब आले की त्यांचं वेगळंच, मी एवढं करतो पण घरात कोणाला त्याची किंमत नाही. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर गाडी अडते.

अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि पाच-सहा महिन्यांच्या भेटी इथे थोडक्यात आटोपल्यात. त्यांना काका-काकू म्हणूया. काका गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाण कंपनीत लॉजिस्टिक्सचे, म्हणजे मालवाहतुकीचे, हेड होते, खाणीवरून धक्क्यापर्यंतचे ट्रक आणि तिथून मांडवीतून मुरगाव बंदरात जाणाऱ्या बार्जेस, हे सगळं त्यांच्या हाताखाली. 2018 च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

आधी काकू एकट्याच आल्या. "सकाळी योगाचा वर्ग, मग वाचनालयाची कमिटी, मग ज्येष्ठ नागरिक मंच, दुपारी कोणाकोणाचे फॉर्म भरायला जातात, संध्याकाळी देवळाची मीटिंग. जेवताना फोन. मुलगी बंगळुरूहून आली तरी हे अर्धा तास बसले आणि उठले. मी काय वाईट काम करतायत म्हणू का? मग मलाच माझी लाज वाटते."

काकांना आणायला वेळ लागला. आले ते फाईल घेऊन, खोटं नाही सांगत, प्लास्टिकची निळी फाईल, आत टाईप केलेला कागद, कुठल्या संस्थेत आठवड्याचे किती तास. मला म्हणाले, "प्रॉब्लेम नेमका काय आहे ते एका पानात सांगाल का?" मी म्हटलं, एका पानात बसत नाही म्हणून तर बोलायला बसतो आपण. हसले नाहीत.

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांची माणूस, हे माझ्याकडे येणाऱ्यांना कळतंच. 1911 मध्ये हा माणूस फ्रॉइडपासून वेगळा झाला आणि पुढे त्याने सरळ सांगितलं की माणसाला आयुष्यात तीन गोष्टी निभवायच्या असतात, काम, समाज आणि जिव्हाळ्याचं नातं. रिटायरमेंटमध्ये पहिली एका दिवसात सुटते. पुष्कळ पुरुष ती रिकामी जागा दुसरीने भरतात, ठीक आहे, पण भरताना तिसरीचा वाटापण त्यातच ओततात आणि त्यांना पत्तापण नसतो. वर सोबत जुन्या ऑफिसातली खुर्ची घेऊन जातात. काका फाईलमधल्या अकरा संस्थांपैकी आठ ठिकाणी अध्यक्ष किंवा खजिनदार होते!

पण नुसतं "पद सोडा" सांगून काही होत नाही, तो उपदेश त्यांना जावई, शेजारी सगळ्यांनी करून झालेला असतो. मी त्यांना एक काम दिलं. फाईलमधल्या प्रत्येक कामापुढे लिहा, उद्या मी गेलो नाही तर नक्की कोणाचं अडेल. माणसाचं नाव लिहायचं, संस्थेचं नाही. साधा प्रश्न, पण इतक्या वर्षांत मला यापेक्षा कामाचा प्रश्न सापडलेला नाही, हे थोडं स्वतःचं कौतुक करून सांगते.

पुढच्या भेटीत कागद बराचसा रिकामा. योगाचा वर्ग दुसरं कोणी घेऊ शकतं, वाचनालयाची मीटिंग त्यांच्याशिवाय बहुतेक लवकर संपते (हे त्यांनी स्वतःच सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा हसले). फक्त फॉर्मच्या ओळीपुढे नावंच नावं, कागदाच्या मागच्या बाजूलापण. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत म्हाताऱ्या माणसांना महिन्याला पैसे मिळतात, त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे अडकतात, आणि खेड्यातल्या एकट्या बाईला ते कोण सांगणार. काका घरोघरी जायचे. पेन काढताना त्यांच्या बॅगेतून शाईचं पॅड पडलं, अंगठे घ्यायला ठेवलेलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं निळी होती, धुऊनही न जाणारी.

मी विचारलं, "बाकी सगळं सुटेल, हे का सुटणार नाही?"

"तिथे जायलाच पाहिजे."

"का?"

बराच वेळ काही नाही. मी पण काही बोलले नाही, नवीन समुपदेशकांना मी नेहमी सांगते की अशा वेळी पाण्याचा ग्लासपण पुढे करायचा नाही. मग म्हणाले, "त्यात ट्रकवाल्यांच्या आया असतात."

आणि मग सुटले. 2012 च्या आधी धंदा जोरात होता, चीनला माल जात होता, गावातली मुलं त्यांना विचारायला यायची, साहेब आणखी एक टिपर ट्रक घेऊ का. हे म्हणायचे घे, काम आहे. मुलांनी कर्ज काढून घेतले. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि टिपर अंगणात उभे राहिले. "घे म्हणणारा मी होतो मॅडम. बंदीच्या वेळी मला दर महिन्याला पगार मिळत होता."

मी एवढंच विचारलं, "बंदी येणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग यातलं तुमचं किती आणि तुमचं नसलेलं किती, हे कधी वेगळं करून बघितलंत?"

कधीच नाही. घरीपण सांगितलेलं नाही. माझ्या मनात तेव्हा चित्र स्पष्ट झालं. हा माणूस समाजसेवा करत नव्हता, हप्ते भरत होता, आणि कर्जाचा आकडा कुठे लिहिलेलाच नव्हता म्हणून हप्ते संपत नव्हते. म्हणून तर घरात शांत बसवत नव्हतं. बायको विचारायची "कुठे चाललात", त्यांना ऐकू यायचं "पुरे झालं", आणि त्यांच्या हिशोबात पुरे काही होतच नव्हतं.

नंतरच्या भेटींत तो हिशोब आम्ही केला. एक मुलगा त्यांच्या सांगण्यावरून अडकला होता हे खरं, त्याला जाऊन भेटायचं ठरलं, आणि भेटलेपण. बाकीचा भार कोर्टाचा, सरकारचा, बाजाराचा. मग काकूंना आत बोलावलं आणि काकांनी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्या चिडल्या! "एवढंच होतं तर मला सांगायचं ना, मीपण आले असते फॉर्म भरायला. तुमचं अक्षर कोणाला वाचता तरी येतं?"

आता आठ पदांतली सहा सोडलीत. मंगळवारी दोघं मिळून फॉर्मला जातात, आणि शनिवार घराचा, त्या दिवशी फोन काकूंकडे. भांडणं होतात अजून, काका काकूंच्या फॉर्ममध्ये चुका काढतात वगैरे, ते चालायचंच.

तुमच्या घरी असं असेल तर "घर की समाज" हा वाद घालू नका, त्यात तो नक्की समाज निवडणार कारण तिथे टाळ्या आहेत. त्याऐवजी विचारा की यातलं कुठलं काम त्याच्या सगळ्यात जवळचं आहे आणि का, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एखाद्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊन बघा. आणि साहेबांनो तुम्ही, निदान एक काम असं ठेवा जिथे तुम्ही मागच्या रांगेत बसता आणि तुमची जुनी पोस्ट कोणाला माहीत नाही, पहिले दोन महिने फार जड जातं, मग मजा येते. बायकोला उरलेला वेळ देऊ नका, डायरीत जसं कमिटीचं लिहिता तसं तिचंपण लिहा.

एक मात्र बघा, झोप उडालीय, जेवण तुटलंय, आवडीच्या कामातपण रस नाही, मरणाच्या गोष्टी निघतायत, तर तो समाजकार्याचा प्रश्न नाही, डॉक्टरला दाखवा. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि 14416 वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन फुकट आहे, रात्रीपण लागते.

आणि "आमचे मिस्टर येणारच नाहीत मॅडम" हे मला सांगू नका, ते सगळेच म्हणतात. तुम्ही एकट्या या आधी.