जुन्या ट्रॅक्टरच्या आरपीएम मीटरचा काटा थरथरतो, मध्येच शून्यावर पडतो. मीटर बदलावं का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर तीस वर्षांचा आहे, काटा आधी 800 ते 1600 मध्ये नाचायचा, आता बऱ्याचदा शून्यावरच असतो आणि मिस्त्री नवीन मीटर टाका म्हणतोय. आमच्या घरच्या ट्रॅक्टरला अगदी हेच झालं होतं. आम्ही मीटर बदललं, आणि चार दिवसांत नव्या मीटरचा काटाही तसाच नाचायला लागला. दोष तारेत होता.

आधी काट्याखालचे तासांचे आकडे, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारे, बघा. आत्ताचा आकडा लिहून ठेवा, अर्धा तास कामाच्या रेसवर ट्रॅक्टर चालवा आणि पुन्हा बघा. इंजिनाकडून येणारी, नळीच्या आत फिरणारी एकच तार काटा आणि आकडे दोन्ही चालवते. आकडे दात्यांवर फिरतात. काट्याला मात्र तार थेट जोडलेली नसते: तारेबरोबर एक लोहचुंबक फिरतं, त्याच्या ओढीने शेजारची ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. म्हणून आकडे नीट सरकतायत पण काटा मेलाय, तर दोष मीटरच्या आत. दोन्ही बंद असतील तर मीटरला हात लावू नका, तारेकडे वळा. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा तारच असते.

मीटरमागचा नट हाताने सोडवा आणि इंजिन स्लोवर चालू ठेवून तारेचं टोक फिरतंय का ते बघा. फिरत नसेल तर ती तुटलीय, नाहीतर इंजिनाकडच्या टोकाची पकड गेलीय. मग इंजिन बंद करून आतली तार ओढून काढा. तुटलेली असेल तर उरलेला तुकडा इंजिनाच्या बाजूने काढावा लागेल. आम्ही ती पोत्यावर ठेवून रॉकेलच्या फडक्याने पुसली, तेव्हा एका जागी तुटलेले धागे बोटाला टोचले. सपाट पत्र्यावर लोळवली तर तेवढ्याच जागी उडी मारत होती. शिवाय इंजिनाकडचं चौकोनी टोक झिजून गोल झालं होतं, चिंचोक्यासारखं गुळगुळीत. असं टोक मध्येच पकडतं, मध्येच सुटतं, आणि काटा तसाच नाचतो.

नवी तार जुनीच्या मापाची, दोन्ही टोकं जुळवून घ्या. ग्रीसचा हलका हात खालच्या दोन तृतीयांश भागालाच द्या. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा, कारण फिरणारी तार स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते आणि ते मीटरच्या वाटीत गेलं की काटा चिकटतो. बाहेरची नळी सायलेन्सरला टेकू देऊ नका, आणि कुठेही काटकोनात वळवू नका.

बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत ही तार कॅमशाफ्टवरून (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) निघते, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. काहींत मात्र ती डायनामोच्या मागच्या टोकाला असते. अशा ट्रॅक्टरवर डायनामो काढून साधा अल्टरनेटर बसवला की मीटर कायमचं बंद पडतं आणि लोक मीटरला दोष देतात. तुमच्याकडे तसा बदल झालाय का, आठवून बघा. भंगारातून मीटर आणणार असाल तर ते तुमच्याच मॉडेलचं हवं. तारेच्या आणि इंजिनाच्या वेगाच्या दुसऱ्या गुणोत्तरासाठी बनवलेलं मीटर छान चालेल, पण खोटं दाखवेल. आणि मागे फिरणारी तार नसून विजेची वायर असेल, तर ते इलेक्ट्रिक मीटर आहे. तिथे आधी फॅन बेल्टचा ताण, अल्टरनेटरवरचं डब्ल्यू टर्मिनल (मीटरला वेगाचा सिग्नल तिथूनच मिळतो) आणि अर्थिंग तपासा. बेल्ट ढिला असला तरी काटा खाली येतो.

दुरुस्तीनंतर काटा खरं बोलतोय का हे तपासल्याशिवाय मात्र राहू नका. मीटरवर बहुतेक 540 पीटीओची खूण असते. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, औजार फिरवणारा शाफ्ट. इंजिन बंद असताना पीटीओ शाफ्टच्या गोल तोंडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. मागे कुठलंही औजार जोडलेलं नको, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला हवा. मोबाइल स्टुलावर टेकवून स्लो मोशनवर लावा, पीटीओ चालू करून काटा त्या खुणेवर आणा आणि पाच सेकंदांचं चित्रण घ्या. 540 म्हणजे मिनिटाला 540 फेरे, सेकंदाला 9, पाच सेकंदांत 45. मोजताना 50 भरले तर पीटीओ 600 ने फिरतोय. तुमच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालतो म्हणता, तर हा फरक छोटा नाही. पंखा आणि पंप 540 साठी बनवलेले असतात. शाफ्ट फिरत असताना जवळ कुणी थांबू नये. उपरणं, ओढणी, सैल बाही काहीच नको. हे मी जीव तोडून सांगतोय, कारण शाफ्टने एकदा कापड पकडलं की माणसाला सोडवायला वेळ मिळत नाही.

एक राहिलं. तारेवरचे तासाचे आकडे घड्याळ बघून नाही, फेरे मोजून चालतात. एका ठरलेल्या आरपीएमलाच त्यांचा तास साठ मिनिटांचा असतो, स्लोवर ते मागे पडतात. मीटर बंद होतं त्या काळातले तास तर त्यात नाहीतच, म्हणून पुढचं ऑइल त्या आकड्यांवर बदलू नका, तारीख वहीत लिहा.

आकडे सरकतात की नाही ते आज बघून इथेच कळवा. पुढे काय खोलायचं ते त्यावरून सांगतो.